चौदा नगांचं ऑपरेशन

माझं गळतं. लघवी गळते. शिंकले की गळते, खोकले की गळते, पोट धरून हसले की गळते, आणि अकरा किलोचा ट्रे उचलला तर विचारूच नका. आज मी हे असं धडाधड बोलते आहे, पण सहा वर्षं एका डॉक्टरीणबाईंखेरीज कोणासमोर माझ्या तोंडातून ते बाहेर पडलं नव्हतं. नवऱ्याला एवढंच सांगितलं होतं की, मला खाली जरा त्रास आहे. नवरा नळजोडणीचं काम करतो. तो म्हणाला, "पन्नाशी उलटली की वॉशर जायचाच. त्यात काय एवढं?" मी त्याचीच पक्कड उचलून त्याच्या अंगावर भिरकावली. नेम चुकला, याचं मला अजून वाईट वाटतं.

मी हॉस्पिटलात कामाला आहे, पण तुम्ही मला तिथे कधी बघितलं नसणार. तळमजल्याच्याही खाली आमचा विभाग आहे. ऑपरेशनची सगळी हत्यारं तिथे येतात. एका टोकाला घाण बाजू. तिथे रक्ताने माखलेली हत्यारं धुतात. मधे स्वच्छ खोली, तिथे माझं टेबल. टेबलावर हत्यारं मोजायची, ट्रेमध्ये लावायची, दुहेरी कापडात बांधायची. मग तो बांधलेला पॅक वाफेच्या मशिनात जातो, तिथून रॅकवर आणि रॅकवरून वर ऑपरेशन थिएटरमध्ये. सव्वीस वर्षं हेच करते आहे. एक चिमटा कमी गेला असं माझ्या हातून एकदाही झालेलं नाही. म्हणून मला सगळे मोजणीबाई म्हणतात. खरं नाव पगारपत्रकापुरतं उरलं आहे.

स्वच्छ खोलीचा कायदा कडक. आत यायचं तर बाहेरचे कपडे-चपला काढून आतले घालायचे, केस टोपीत कोंबायचे, कोपरापर्यंत हात धुवायचे. बाहेर पाऊल टाकलं की परत सगळं पहिल्यापासून. म्हणजे मुतारीला जाऊन यायचं तर वीस मिनिटांचा कार्यक्रम. आणि हा कायदा पाळून घेणारी कोण? मीच. एक पोर तोंडावर मास्क असताना नुसती शिंकली, तर मी तिला टेबलावरून उठवलं होतं. दिवसातून चार वेळा बाहेर जाणाऱ्या बायकांना मी सगळ्यांदेखत विचारायचे, "काय गं, तिकडेच मुक्काम हलवतेस का?" आणि हे विचारताना माझ्या स्वतःच्या पायजम्यात दोन-दोन पॅड असायचे. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून, ही म्हण माझ्यासाठीच केलेली असणार.

माझं कोणाशी फार पटत नाही. थिएटरच्या मुख्य सिस्टरशी तर वीस वर्षं विस्तव जात नव्हता. तिला आम्ही खाली करवत म्हणतो. पॅकच्या गाठीचं टोक बोटभर जास्त बाहेर आलं तरी ही बया तो परत पाठवणार, वर चिठ्ठी: 'पुन्हा शिकावे.' मला! जिने तिच्या अर्ध्या नर्सेसना हत्यारांची नावं शिकवली, तिला! मी चिठ्ठीच्या पाठीवर लिहायचे, 'चष्म्याचा नंबर तपासावा,' आणि पॅक होता तसा परत वर धाडायचे.

तर झालं असं. त्या दिवशी खुब्याच्या सांध्याचं ऑपरेशन होतं. त्याचा ट्रे सगळ्यात जड, आणि कुठल्या शहाण्याने ठेवला कोण जाणे, रॅकच्या सगळ्यात खालच्या फळीवर. सकाळपासून चार तास मी टेबल सोडलं नव्हतं. पॅड बदलायला हवे होते, पण वीस मिनिटं कोण घालवणार? मी खाली बसले, ट्रे मांडीवर घेतला, दात आवळले आणि उठले. उठतानाच कळलं. थेंब-दोन थेंब नव्हे, चांगली ऊबदार धार. मांडी भिजली, आणि पॅकचा एक कोपरा त्याच मांडीला टेकलेला होता.

मी ट्रे ढकलगाडीवर ठेवला आणि पायजम्यावरचा डाग दिसू नये म्हणून जवळजवळ पळतच कपडे बदलायला गेले. परत आले तोवर गाडी लिफ्टने वर गेली होती. भिंतीवर फोन होता, आठ पावलांवर. 'तो पॅक उघडू नका' एवढंच बोलायचं होतं. का, असं विचारलं असतं तर काय सांगणार होते? मी मनाची समजूत घातली की कोपरा काही टेकला नव्हता, टेकला असला तरी भिजला नव्हता. आणि मी पुढच्या ट्रेची मोजणी सुरू केली. देवाशपथ सांगते, त्या पेशंटचा विचार माझ्या मनात आलासुद्धा नाही. फक्त डाग, डाग आणि डाग.

वर करवतीने पॅक हातात घेतला आणि तो ओला निघाला. आमच्याकडे ओला पॅक म्हणजे मेलेला पॅक. कापड ओलं झालं की जंतू आत शिरतात, मग आतली हत्यारं लाख चकचकीत असोत. पेशंटला अजून भूल द्यायची होती म्हणून बरं. दुसरा सेट तयार करून द्यायला पाऊण तास गेला, सर्जनने आकाशपाताळ एक केलं, आणि करवत स्वतः जिना उतरून खाली आली. स्वच्छ खोलीच्या काचेपलीकडे उभी राहून तिने पॅक वर धरला. "हा ओला का आहे, ते मला कोणी सांगेल का?"

पॅक ओला निघाला तर नव्याण्णव वेळा कारण एकच असतं: वाफेच्या मशिनात तो पुरता वाळू न देता बाहेर काढलेला असतो. मशिनावर कोण होतं? आमची वाफवाली. पस्तिशीची, तोंडाने फटकळ, कामाला वाघीण. ती म्हणाली, "मी पुरा वेळ वाळवलाय. कागद बघा." मशिनातून छापून निघणारा कागद तिच्याच बाजूने होता. पण कागद खोटं बोलू शकतो, ओला कोपरा नाही, असं आमच्या विभागाच्या साहेबांचं म्हणणं पडलं. साहेब माझ्याकडे वळले. "मोजणीबाई, तुम्हाला काय वाटतं?"

आणि मी म्हणाले, "मशिनाचीच चूक असणार."

मशिनाची म्हटलं, तिची नाही म्हटलं, अशी पळवाट मी नंतर बरेच दिवस मनाशी घोकत होते. पण खोलीतल्या प्रत्येकीला कळलं होतं मी कोणाकडे बोट दाखवलं ते. दुसऱ्या दिवसापासून वाफवालीची बदली घाण बाजूला. रबरी बूट, जाड हातमोजे, आणि दिवसभर दुसऱ्यांचं रक्त धुवायचं. जाताना ती माझ्या टेबलापाशी थांबली. "मोजणीबाई, तुम्ही सगळं मोजता ना? मग माझी चूक कुठे झाली तेवढी मोजून दाखवा." मी पुढचा ट्रे ओढला आणि चिमटे मोजायला लागले.

आता खरी भीती बसली. परत झालं तर? म्हणून मी गपचूप आमच्याच हॉस्पिटलातल्या बायकांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. तरुण बाई, पण बोलणं तोडून टाकल्यासारखं. मला नवी नव्हती. आधीचे चार महिने तिच्याच सांगण्यावरून मी खालचे स्नायू आवळायचे-सोडायचे व्यायाम करत होते, बसमध्ये, रांगेत, टेबलापाशीसुद्धा. त्याने शिंक सावरायची, जड ट्रे नाही. तिने सगळ्या तपासण्या केल्या. मूत्राशय भरून मला उभं केलं आणि म्हणाली, "खोका." मी खोकले. तिच्या पांढऱ्या फरशीवर काय व्हायचं ते झालं. मी लाजेने मेले. ती शांतपणे लिहीत म्हणाली, "मूत्राशय चांगलं आहे. त्याचं दार सैल पडलंय. बाळंतपणं, वय, सव्वीस वर्षांची ओझी. ऑपरेशनने बराच फरक पडेल. पण कुठलं, ते तुम्ही ठरवायचं."

मग तिने कागदावर चित्रं काढून एकेक समजावलं. एक, कृत्रिम जाळीची बारीक पट्टी. खालून छोटं छिद्र पाडून मूत्रनळीच्या खाली झोळीसारखी बसवायची. त्याच दिवशी घरी, आणि सहा आठवडे जड उचलायचं नाही. दोन, तीच झोळी, पण आपल्याच पोटाच्या आतल्या चिवट पडद्यातून पट्टी कापून केलेली. त्याला पोटावर चीर, चार दिवस मुक्काम, आणि निदान तीन महिने ओझं बंद. काही बायकांना सुरुवातीला लघवी नीट सुटत नाही, नळी घालून काढावी लागते. तीन, पोटातून टाके घालून मूत्राशयाची मान वर उचलून बांधायची. चार, मूत्रनळीच्या भिंतीत भर घालणारं इंजेक्शन. सगळ्यात सोपं, पण त्याचा गुण कमी आणि पुन्हा पुन्हा टोचून घ्यावं लागतं.

"चौदाचं द्या," मी म्हणाले.

"काय चौदाचं?"

"जाळीच्या पट्टीचा ट्रे चौदा नगांचा असतो. टाक्यांचा बावन्न. पोटाच्या पट्टीचा एकसष्ट. मला चौदाचं करा."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "बाई, तुम्ही ऑपरेशन निवडताय की भांड्यांचा सेट?"

"सव्वीस वर्षं बघतेय. मोठा ट्रे, मोठं दुखणं."

"ट्रेवरून फक्त मला किती काम आहे ते कळतं. तुमचं पुढे काय होईल, ते नाही कळत." ती चिडली होती. "ऐका. पट्टी बहुतेक बायकांना मानवते. पण ती जन्मभर आत राहते. शंभरात थोड्याजणींना नडते. दुखत राहतं, किंवा जाळी आतून मांसाला घासून बाहेर डोकावते. मग काढावी लागते, आणि ती मांसात रुजलेली असते. काढणं घालण्याइतकं सोपं नाही, आणि दर वेळी पूर्ण निघतेच असंही नाही. हे कळूनही पट्टी हवी असेल तर माझी ना नाही. पण कळून घ्या."

काढायचा सेट मला ठाऊक होता. सत्तेचाळीस नग. वर्षा-दोन वर्षांतून एखादा जायचा, म्हणजे माझ्या हिशेबाने नगण्य. शिवाय माझं खरं कारण वेगळंच होतं, ते मी तिला सांगितलं नाही. आमच्या विभागाचा नियम आहे: आठ आठवड्यांपेक्षा जास्त दिवस हलकं काम लागलं, तर टेबल दुसऱ्याकडे जातं. जाळीच्या पट्टीने मी सहा आठवड्यांत परत. पोटाच्या पट्टीने टेबल गेलं. आणि माझ्या टेबलाशिवाय मी कोण? नळवाल्याची बायको. मी जाळीच्या पट्टीवर सही करायचं ठरवून टाकलं. डॉक्टरीणबाईंनी कागद हातात दिला, आठवड्याने सही घेते म्हणाली, आणि माझं नाव थिएटरच्या यादीत पेन्सिलीने लिहिलं.

यादी कोण बघतं, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

चार दिवसांनी दुपारी मी कपडे बदलायच्या खोलीत होते, एक पाय पायजम्यात, एक बाहेर. दार लोटून करवत आत आली आणि कडी लावली. खालच्या मजल्यावर ती वीस वर्षांत दुसऱ्यांदा आली असेल.

"इथे काय काम आहे?" मी म्हणाले. "चिठ्ठी संपली का?"

"गप बस आणि पायजमा घाल." ती कधी मला एकेरीत बोलली नव्हती. "यादीत तुझं नाव बघितलं. जाळीची पट्टी. कशावरून निवडलीस?"

"तुला काय करायचंय?" मीही एकेरीवर आले. "तुला आनंदच आहे ना? मोजणीबाई टेबलावर पाय पसरून पडणार आणि तू वरून बघणार. बोलाव तुझ्या सगळ्या पोरींना, तिकीट लाव."

"चार वर्षांपूर्वी," ती म्हणाली, "सत्तेचाळीसचा सेट पाठवला होतास. डिसेंबरात. कोणासाठी होता?"

"मला काय माहीत? आमच्याकडे नावं येत नाहीत."

"मी तेव्हा तीन आठवडे रजेवर होते. आठव."

आठवायला कशाला हवं? चांगलं लक्षात होतं. करवत रजेवर गेली म्हणून मी माझ्या टेबलावरच्या सगळ्या पोरींना चहा पाजला होता.

"जाळी मी दुसरीकडे जाऊन घालून घेतली होती," ती म्हणाली, "कारण इथे केलं असतं तर ट्रे तुझ्या हातून आला असता आणि तू माझ्या रजेशी मेळ घालून खालून आख्ख्या इमारतीला सांगितलं असतंस. घाईघाईत, कोणालाच काही न विचारता. दोन वर्षांत नडली. बसता यायचं नाही. नवऱ्याला जवळ येऊ दिलं नाही, का ते सांगितलंही नाही. शेवटी काढायला इथेच यावं लागलं. अर्धी निघाली. अर्धी अजून आत आहे. आणि गळणं परत सुरू." तिचा आवाज जराही हलला नाही. "मला नडली म्हणून तुला नडेल असं नाही. माझी बहीण तीच पट्टी घालून डोंगर चढते. पण तू ट्रेचे नग मोजून निवडतेस, हे डॉक्टरीणीने मला सांगितलं तेव्हा वाटलं, हिच्या डोक्यात एक चिमटा कमी आहे."

"झालं बोलून?"

"नाही." ती एक पाऊल पुढे आली. "तो ओला पॅक. मी नाकाशी धरला होता. वाफेच्या पाण्याला वास नसतो, मोजणीबाई. लघवीचा वास मला झोपेतही कळतो, नऊ वर्षं माझ्याच अंगाला येतोय."

मला एवढंच सुचलं, "मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"सगळ्यांसमोर? साहेबांसमोर? बाई मुतली म्हणून सांगू?" पहिल्यांदा तिचा आवाज चढला. "वाटलं, तू स्वतः बोलशील. आज ना उद्या. बावीस दिवस झाले. ती पोरगी तिकडे रक्त धुतेय आणि तू इथे काचेआड राणीसारखी बसलीस. त्या दिवशी मी बोलले नाही, तीही माझीच चूक. पण आता एक ऐक. सोमवारपर्यंत तू चुकांच्या वहीत लिहिलं नाहीस, तर मी लिहीन. आणि मी लिहिताना तुझ्यासारखं गुळमुळीत नाही लिहायची." कडी काढताना ती वळली. "आणि मी तुझ्यावर दया करायला आले असं समजू नकोस. मला तू आवडत नाहीस ती नाहीसच."

ती गेली. पायजमा अजून एकाच पायात होता. आधी तिचा राग आला. असा राग, की ती समोर असती तर केस उपटले असते. मग आपलाच आला. खुब्याच्या त्या पेशंटची तेव्हा पहिल्यांदा आठवण झाली. कोण होतं, बाई की पुरुष, तेही मला माहीत नव्हतं. माझा ओला पॅक त्याच्या हाडापर्यंत पोचला असता. माझ्या टेबलावर असं कोणी केलं असतं तर मी तिला सोलून काढलं असतं.

मी सोमवारची वाट बघितली नाही. त्याच दुपारी घाण बाजूला गेले. बाहेरच्याच कपड्यांत, कारण तिथे कायदा नाही. पाच बायका हौदांवर वाकलेल्या, फवाऱ्यांचा आवाज, साबणाचा आणि रक्ताचा वास. वाफवालीने मला बघितलं आणि पाठ केली.

"तो पॅक मशिनात ओला झाला नव्हता," मी म्हणाले.

"ऐकू येत नाही," ती म्हणाली. फवारा तिने बंद केला नाही.

मी तेच परत मोठ्याने म्हणाले.

"अजून नाही ऐकू येत."

मग मी ओरडले. "माझी लघवी गळते! मी ट्रे मांडीवर घेतला आणि माझ्या लघवीने पॅक भिजला! मला तेव्हाच कळलं होतं आणि मी तुझ्यावर ढकललं!"

पाचही फवारे बंद झाले. कोणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच गप्प झालं. वाफवालीने हातमोजे काढले, एकेक बोट मोकळं करत, आणि वही आणून माझ्यासमोर आपटली. चुकांची वही. "लिहा. आणि 'द्रव पदार्थ' वगैरे नाही लिहायचं."

मी लिहिलं. तिने ते सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं, तारखेसकट. मी ऐकत उभी राहिले. जावंसं वाटत होतं, पण गेले नाही.

"आता झालं?" मी विचारलं.

"नाही झालं," ती म्हणाली. "माझ्या सासूला मी काय सांगू? बावीस दिवस ती मला ऐकवतेय, 'कामात लक्ष नसेल म्हणूनच काढलं.' शेजारणींना सांगून झालंय तिचं. नवरा विचारतो, 'खरं सांग, काय केलंस?' कोणाला खरं वाटत नाही, तुमच्यासारखी सव्वीस वर्षांची बाई खोटं कशाला बोलेल? चला माझ्या घरी. जे इथे ओरडलात ते तिथे बोला."

मी नाही म्हणू शकले असते. वहीत लिहिलं होतं, तिची बदली रद्द होणारच होती. पण मी गेले. तीन थांबे बसमध्ये ती पुढे बसली, मी मागे. घर तिसऱ्या मजल्यावर, जिन्यात सायकली उभ्या केलेल्या. दार सासूने उघडलं. हडकुळी म्हातारी, डोळे तेज. आतल्या खोलीत नवरा कपडे इस्त्री करत होता.

"या कामावरच्या," वाफवाली म्हणाली. "यांना काहीतरी सांगायचंय."

मी दारातच बोलले. कोणी आत या म्हटलं नव्हतं. लघवी हा शब्द बोलले, ट्रे बोलले, मांडी बोलले, खोटं बोलले तेही बोलले. नवऱ्याने इस्त्री उभी केली. म्हातारी सगळं ऐकून घेईपर्यंत हलली नाही. मग सुनेकडे न बघता मला म्हणाली, "माझ्या तोंडून हिला जे जे बोललं गेलं ते तुम्ही माझ्याकडून वदवून घेतलंत. वयाने मोठ्या आहात, नाहीतर..." आणि तिने दार लावून घेतलं. पाणीसुद्धा विचारलं नाही. का विचारावं?

जिना उतरताना मला खोकला आला आणि व्हायचं ते झालं. या वेळी मी पर्समागे डाग लपवत धावले नाही, कठड्याला धरून सावकाश उतरले. रात्री नवऱ्याला सगळं सांगितलं, वॉशरचं नाव काढलंस तर बघ, अशी आधी ताकीद देऊन. त्याने नाव काढलं नाही. आपल्या हातांकडे बघत म्हणाला, "मला कळायला हवं होतं." हवंच होतं, मी म्हणाले.

सोमवारी साहेबांनी बोलावलं. सव्वीस वर्षांचा विचार करून नोकरी ठेवतो म्हणाले, पण टेबल नाही. चूक झाली म्हणून नाही, फोन केला नाही म्हणून. माझ्या जागी त्यांनी मी शिंकेवरून उठवलेल्या पोरीला बसवलं. वाफवाली मशिनावर परत आली. ती माझ्याशी बोलत नाही. मला बाहेरच्या खोलीत एक खुर्ची मिळाली आहे, तिथे बसून मी कोऱ्या कापडांना भोकं आहेत का ते उजेडासमोर धरून बघते.

मंगळवारी डॉक्टरीणबाईंकडे सहीचा दिवस होता. तिने जाळीचा कागद पुढे सरकवला. मी तो परत सरकवला.

"पोटातली पट्टी," मी म्हणाले. "माझीच, माझ्या अंगातली. काही नडलं तर निदान परकं काही आत नको."

"तीन महिने ओझं बंद. शिवाय नळी घालून लघवी काढायची वेळ येऊ शकते, सांगितलंय मी. तुम्हाला तर सहा आठवड्यांत कामावर जायची घाई दिसत होती?"

"होती," मी म्हणाले. पुढचं बोलणार होते, पण टेबल आठवलं. मी तिच्यासमोर तोंड झाकून, मोठ्याने, लहान पोरीसारखी रडले. रडताना गळलंसुद्धा. ती थांबली, मग पेन माझ्या हातात दिलं. मी सही केली आणि तिला विचारलं, "थिएटरमध्ये मुख्य सिस्टर असेल ना?"

"का? नको असेल तर दुसरी देते."

"नको," मी म्हणाले. "तीच असू दे."